लंडन किती लांब?

वस्तीतले कोणाचे मूल परदेशी गेले की पहिला प्रश्न ठरलेला, विमानाला किती तास लागतात? आमची थोरली लेक लंडनच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. नऊ तास, असे तिने सांगितले होते, आणि आम्हीही चारचौघांत तेच सांगत असू.

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे कागदावर आठच तास. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते मुंबईकडे येणाऱ्या विमानाला मागून ढकलतात आणि जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणून यायला लागतो त्यापेक्षा जायला बहुधा तासभर जास्त लागतो. १९३० साली बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला बोटीने गेले, तेव्हा याच प्रवासाला सुमारे दोन आठवडे लागत. एअर इंडियाचे मुंबईहून लंडनला पहिले विमान ८ जून १९४८ ला निघाले, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी पहाटे चारला आमच्या आईने डोळे मिटले. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. तिथे सोमवारच्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. लेक फोनवर एवढेच म्हणाली, "आजीला थांबवा." आम्ही दोघे कामावर जायचो तेव्हा आजीनेच तिला वाढवले होते.

वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की संध्याकाळच्या आत उरकावे, मातीला ताटकळत ठेवू नये. त्यांचेही चूक नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे बसवायची कुठे? पण बौद्धाचार्यांनी स्पष्ट सांगितले, आपल्यात घटका-मुहूर्त नाही, नात थांबा म्हणते तर थांबू. मग शीतपेटी भाड्याने आणली, गल्लीत ताडपत्री बांधली. शेजारच्या बायांनी रात्रभर चहा केला.

आता खरा हिशेब ऐका. लेक तिथल्या पहाटे सहाला, म्हणजे आपल्या साडेअकराला घरातून निघाली. विमानतळावर तीन तास आधी हजर, मग नऊ तास विमान, मग पासपोर्टची रांग आणि टॅक्सी. दारात आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. साडेपंधरा तास. तिकिटात तिची साठवण गेली ती वेगळीच.

आणि आमची मावशी? ती नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातून सकाळी सहाला निघाली. आधी जीप, मग एसटी, मग रेल्वे, शेवटी लोकल. रात्री साडेअकराला पोचली. साडेसतरा तास! सातासमुद्रापारच्या नातीला कमी तास लागले आणि महाराष्ट्रातल्याच मावशीला जास्त. मावशीची फाटकी पिशवी आणि लेकीची चाकांची बॅग एकाच भिंतीला टेकून होत्या. पाहुण्यांनी लेकीच्या प्रवासाची विचारपूस केली. मावशीला कोणी विचारले नाही, हे आम्हांला टोचले.

बुधवारी सकाळी नऊला त्रिशरण-पंचशील झाले. खांदा द्यायला लेक पुढे आली, तेव्हा कोणी काही बोलले नाही. चौथ्या दिवशी तिचे परतीचे विमान होते, सोमवारी रात्रपाळी. मावशी मात्र पुण्यानुमोदनापर्यंत राहिली.