माथेरानच्या लाल वाटा

माथेरान म्हटले की आठवतात ते घोडे, चिक्की, चामड्याच्या चपला आणि पॉइंटच्या कठड्याशी उभे राहून काढलेले फोटो. लग्नानंतर पहिल्या वर्षात बहुतेक जणी तिथे एकदा जाऊन येतात, पुढे मुले मोठी झाली की आणखी एकदा. दोन्ही वेळा घोडेवाला दाखवील ते सात-आठ पॉइंट पाहायचे, बाजारात हिंडायचे आणि 'माथेरान झाले' म्हणून परतायचे. मला आज सांगायचे आहे ते मात्र पायांनी पाहायच्या माथेरानबद्दल. आणि जमलेच, तर पळत पाहायच्या!

पळत म्हटल्यावर काही जणींनी नक्कीच भुवया उंचावल्या असतील. आमच्या जाऊबाईंनीही उंचावल्या होत्या. "अगं, या वयात पळायचं कशाला? कुणी मागे लागलंय का?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. आपल्या गावात बाई पळताना दिसली की लोक आधी मागे वळून बघतात, काय झाले म्हणून! पहाटे फिरायला निघावे तर कुत्री मागे लागतात, दूधवाल्यांच्या मोटरसायकली अंगावरून जातात आणि ओळखीचे चार जण थांबून विचारतात, "काय वहिनी, एवढ्या सकाळी कुठे?" शाळेच्या मैदानावर पळावे तर ते मुलग्यांच्या क्रिकेटने भरलेले. एकंदरीत, शाळा सुटली तेव्हाच आपले पळणेही सुटले. नंतर आपण पळतो ती फक्त बससाठी आणि उतू जाणाऱ्या दुधासाठी.

खरे पाहता पळणे बाईला परके नाही. बारामतीच्या लता भगवान करे यांचे नाव पुष्कळ जणींनी ऐकले असेल. २०१३ साली, वयाची साठी उलटल्यावर, नवऱ्याच्या औषधोपचारासाठी पैसे हवेत म्हणून त्या नऊवारी लुगड्यात अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यांचे पाय तयार झाले ते डोंगरातल्या वाटांवरच. आपल्याला पदके नकोत. आपल्याला हवी आहे मोकळी वाट आणि एखादा तास. हे दोन्ही एका ठिकाणी मिळते ते माथेरानला.

गाडी नाही ते गाव

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंच आहे. नेरळहून घाट चढून आले की दस्तुरी नाक्यावर सगळ्या मोटारी थांबतात. तिथून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून निघणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. वर पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मज्जाव. अपवाद रुग्णवाहिकेसारख्या अडीअडचणीच्या वाहनांचा. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे हॉर्न नाही, धूर नाही, मागून काही येईल म्हणून कान टवकारणे नाही. हा निवांतपणा किती मोठा असतो, ते तिथे दोन दिवस राहिल्यावरच उमगते. मुलांचा हात न धरता रस्त्याने चालणे आपण विसरूनच गेलेले असतो.

पुस्तकात वाचायला मिळते की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान 'शोधून काढले'. ते पायथ्याच्या चौक गावाहून डोंगर चढून आले. पण ज्या वाटेने ते आले ती काही आपोआप तयार झालेली नव्हती. ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळी त्याआधीपासून या डोंगरात वावरत होती. साहेबाने बंगल्यांसाठी जागा पाहिल्या, पॉइंटना मडमांची आणि लॉर्डांची नावे दिली. पुढे आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०७ साली नेरळहून वर येणारी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. २००५ आणि २०१९ च्या पावसाने तिचे रूळ खचले, वाहून गेले. तरी ती दोन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात, एवढे जाण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.

तलावाची वाट

पहिल्यांदाच पळणार असाल तर शार्लट तलावाची वाट धरा. बाजारातून दक्षिणेकडे निघायचे. पहिल्या दहा मिनिटांत दुकाने आणि बंगल्यांची फाटके मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी झाडी येते. जांभूळ, अंजनी, हिरडा. माथ्यावर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, म्हणून नऊ वाजेपर्यंतही ऊन अंगावर येत नाही. पायाखाली जांभ्याची लाल माती. ही माती डांबरासारखी कडक नसते; पाय टेकला की किंचित दबते आणि गुडघ्याला हिसका बसत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो.

वाट सपाट नाही. थोडा चढ, थोडा उतार, मध्येच झाडांची मुळे आडवी पसरलेली. चढावर पळायचा हट्ट धरू नये. चढ चालत चढायचा, सपाटीवर हळूहळू पळायचे आणि उतारावर पावले आखूड टाकायची, हा साधा नियम. शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने पळावे. बोलताना धाप लागली तर चालू लागावे. त्यात लाज कसली?

झाडीतून एकदम पाणी दिसते. हाच शार्लट तलाव. बांध घालून अडवलेले पाणी, भोवती दाट रान, आणि काठाजवळ माथेरानचे ग्रामदैवत पिसरनाथाचे छोटे शिवमंदिर. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा तलाव राखलेला आहे, म्हणून त्यात कुणी उतरू नये, मुलांना तर मुळीच सोडू नये. पाणी शांत दिसते पण खोल आहे. बांधाजवळ पाच मिनिटे बसावे. सकाळी लवकर गेलात तर कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकू येते. अगदी माणूस वाजवतो तशी लांबलचक. झाडात खसफस झाली तर वर पाहावे. तपकिरी, झुबकेदार शेपटीचा शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेताना दिसतो.

तलावापासून लॉर्ड पॉइंट जवळच आहे. तिथून समोर प्रबळगड दिसतो. मग डोंगराच्या कडेकडेने एको पॉइंट, पुढे लुईझा पॉइंट आणि तिथून पुन्हा बाजार. हा फेरा चार-पाच किलोमीटरचा भरतो. आम्हा चौघीजणींना थांबत, बोलत, थोडे पळत दीड तास लागला. पळण्याची हौस असणारीला तास पुरे. जाऊबाई पहिल्या दिवशी तलावापर्यंत चालत आल्या आणि मंदिराच्या पायरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उतारावर पदर खोचून माझ्यापुढे निघाल्या!

आणखी दोन वाटा

पायात बळ आले की तलावावरून पुढे दक्षिणेला वन ट्री हिल गाठावे. मुख्य डोंगरापासून सुटलेला हा कडा आहे आणि इथली खोल दरी पाहून पोटात गोळा येतो. कडेला पळायचे नाही, कठडा असो वा नसो. तिथून आणखी खाली चौक पॉइंट, आणि परत येताना पूर्वेच्या बाजूने अलेक्झांडर आणि रामबाग पॉइंट करत बाजार. या फेऱ्याला अर्धा दिवस राखून ठेवावा.

तिसरी वाट उत्तरेकडच्या पॅनोरमा पॉइंटची. जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटर, म्हणून अंधारातच निघणे आले. सूर्य इथे डोंगरांच्या रांगांमागून वर येतो आणि खाली नेरळकडची शेते हळूहळू उजळतात. या वाटेवर माणसे कमी, त्यामुळे एकटीने जाऊ नये. निदान तिघी तरी असाव्यात, आणि हातात विजेरी हवी.

वर येणाऱ्या बाया

सकाळी या वाटांवर आपल्याला भेटतात त्या पायथ्याच्या वाड्यांमधल्या बाया. डोक्यावर भाजीची पाटी, लाकडांची मोळी, हंगामात करवंदे-जांभळे. डोंगर चढून आलेल्या असतात, आणि विकून झाले की तोच डोंगर उतरून जातात. त्यांच्या चालीकडे पाहत राहावे. मान ताठ, पाऊल नेमके दगडावर, आणि उतारावर तर त्या चक्क धावतात. आम्ही धापा टाकत बाजूला उभ्या होतो, तेव्हा एक जण हसून म्हणाली, "बाई, पाय सगळा नका टेकू, पुढचा टेका." इतके महागाचे बूट घालूनही आम्हाला जे कळले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले. आपण ज्याला व्यायाम म्हणतो ते तिचे रोजचे काम आहे, हेही त्या वाक्याबरोबर मनात राहिले. त्या दिवसापासून फळे घ्यायची ती तिच्याकडूनच, आणि घासाघीस न करता.

वाटा मातीच्याच राहोत

माथेरानात माणसे ओढतात त्या हातरिक्षा पुष्कळ वर्षे चालल्या. माणसाने माणसाला चढावर ओढून न्यावे, हे पाहून कुणालाही बरे वाटत नव्हते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा द्याव्यात, असे सांगितले. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर फरसबंदीला मान्यता मिळाली. पण आतल्या रस्त्यांवर आणि डोंगरवाटांवर फरशीचे ठोकळे बसवायचे नाहीत, असेही बजावले गेले.

दोन्ही गोष्टी मला पटतात. म्हातारी माणसे, आजारी माणसे, शाळेची मुले यांना वाहन हवेच; गावात राहणाऱ्याच्या सोयीवर आपण पाहुण्यांनी नाक मुरडू नये. पण तलावाकडची वाट मातीची राहिली पाहिजे. फरशी आली की घोड्याचे पाय घसरतात, पावसाचे पाणी मुरायचे थांबते, आणि रस्ता गुळगुळीत दिसला की त्यावर चाके आणायची हौसही आज ना उद्या होतेच. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. त्यात पाणी मुरते, म्हणून तर या डोंगरावर झरे आहेत आणि ही सावली आहे.

निघण्यापूर्वी

पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्यात धुरळा आणि गर्दी, तर जुलै-ऑगस्टमध्ये धुके इतके की चार हातांवरचे दिसत नाही आणि वाटा शेवाळतात.

बूट नक्षीदार तळाचे हवेत. नवे कोरे बूट घालून जाऊ नये. घरी आठवडाभर वापरून मग न्यावेत. सलवार-कमीज चालते, ओढणी कमरेला घट्ट बांधावी.

पाण्याची बाटली, शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ-साखरेची पुडी जवळ असावी. हे सारे पाठीवरच्या पिशवीत बंद ठेवावे. हातात पिशवी दिसली की माकडे ती ओढून नेतात.

घोडा समोरून आला तर बाजूला उभे राहावे. त्याच्या मागून पळत कधीही जाऊ नये. तो बुजतो आणि लाथ मारतो.

कागद, वेष्टने, बाटल्या परत आणाव्यात.

आणि कपडे! लाल माती लागली की ओली असताना चोळू नका. डाग पूर्ण वाळू द्या, झटका, मग थंड पाण्यात भिजवून साबण लावा. ब्लीचिंग पावडर लावू नये. मातीतल्या लोहामुळे डाग उलट पक्का होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवले तर बराच फरक पडतो.

खर्च म्हणाल तर पळायला पैसे पडत नाहीत. दस्तुरीचा प्रवेशकर, राहण्या-जेवणाचे आणि गाडीचे, इतकेच. मुलांना दोन दिवस त्यांच्या बाबांकडे सोपवून यायचे धाडस तेवढे करावे लागेल. मुले उपाशी राहत नाहीत, हा अनुभव आहे. भिशी असो, महिला मंडळ असो, तिथल्या चौघीजणी जमवा आणि दिवाळी आटोपली की निघा. तलावापर्यंत चालत गेलात तरी चालेल. परतताना उतार लागेलच.