चार बोटांची फट

नव्या गाडीच्या टायर आणि मडगार्डमधली फट डोंबिवलीत बोटांनी मोजली जाते. गाडी शोरूममधून आली, फडके रोडच्या गणपतीसमोर नारळ फुटला, की बॉनेटवरचा झेंडूचा हार सुकायच्या आत घरातला पोरगा चाकाशी उकिडवा बसतो आणि हात आडवा करून त्या फटीत सरकवतो. चार बोटं सहज जातात. त्याला दोनच जायला हवी असतात. मग एखाद्या रविवारी तो एमआयडीसीतल्या गॅरेजच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काका, गाडी जरा खाली बसवायचीय."

अशाच एका गॅरेजमधले मिस्त्री हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. ते फटीकडे आधी बघतच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "घरात माणसं किती?" दुसरा, "गणपतीला गावी हीच गाडी नेणार का?" पोरं गोंधळतात. त्यांना वाटतं काका पैशांचा अंदाज घेतायत. मिस्त्री अंदाज घेत असतात तो वजनाचा.

पोराची हौस त्यांना खोटी वाटत नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. त्याच्या मोबाइलमध्ये जपानमधल्या स्विफ्टचे फोटो असतात आणि त्या फोटोंतली गाडी खरोखरच खाली बसलेली असते. २०१८ साली भारतात आलेल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. त्याच पिढीच्या, जपानमध्ये विकल्या गेलेल्या टू-व्हील ड्राइव्ह स्विफ्टचा आहे १२०. म्हणजे गाडी एकच, पण आपल्याकडे ती चार सेंटिमीटरहून जास्त उंच उभी आहे. आखणाऱ्यांनी कागदावर काढलेला तिचा तोल फोटोत दिसतो, पार्किंगमध्ये दिसत नाही. पोराच्या नजरेला जे खटकतं ते बरोबरच खटकतं. प्रश्न एवढाच की ते चार सेंटिमीटर कंपनीने कशासाठी दिले.

याचं उत्तर गतिरोधकात आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक पुस्तिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत गोलसर गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने गाडी धक्का न बसता त्यावरून जावी, अशी ही आखणी. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. एवढी गाडी त्या कमानीवर अख्खी उभी राहिली, तर दोन चाकांच्या मध्ये कमान फक्त ४४ मिलिमीटर वर येते. १६३ मधून ४४ गेले, उरले ११९. त्यातून आणखी ४० मिलिमीटर गाडी खाली केली तरी ७९ उरतात. नियमातला गतिरोधक खाली बसवलेल्या गाडीचाही शत्रू नाही.

आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र तसा नसतो. तो हात-दीड हात रुंद असतो, डांबराचा किंवा सिमेंटचा, कडा उभ्या. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची उंची जशीच्या तशी गाडीच्या पोटाखालून वजा होते. असा १२० मिलिमीटरचा उंचवटा धरा. रिकाम्या गाडीला ४३ मिलिमीटर मोकळे राहतात. आता मागे आई, आजी, बहीण बसल्या, डिकीत सामान आलं, गाडी तीन-चार सेंटिमीटर दबली, की ती जागाही जवळपास संपली. ज्याला गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणतात ती इंजिन ऑइलची टाकी, सायलेन्सरचा नळ, पुढचा क्रॉस मेंबर यांतलं काहीतरी आता घासणार. फोटोसाठी गाडी ४० मिलिमीटर खाली नेलेली असेल, तर रिकामी असतानाही जेमतेम ३ मिलिमीटर उरतील आणि चालवणारा आत बसताच ती टेकेल. "घरात माणसं किती" या प्रश्नामागचा हिशोब तो हा आहे. त्यात काँक्रीटच्या रस्त्याची कडा आणि पेव्हर ब्लॉक यांच्यातला खड्डा, रस्त्यापेक्षा वर आलेली मॅनहोलची झाकणं, कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रो १२ च्या कामामुळे बदलत राहणारी वाट, हे सगळं जमेला धरायचं असतं.

मिस्त्री ज्यांच्या हाताखाली शिकले ते गुरुजी प्रीमियरचे फिटर होते. डोंबिवलीतल्या जुन्या माणसांना त्या कारखान्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. कुर्ल्याला पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा दुसरा कारखाना इथे कल्याण-शीळ रस्त्यावर होता आणि १९९४ पासून तिथे प्यूजो ३०९ ही फ्रेंच छोटी गाडी बनू लागली. ती फार काळ टिकली नाही, पण तिच्या बैठकीची आठवण काढणारी माणसं अजून भेटतात. खराब रस्त्यावरही ती अंगावर धक्का येऊ देत नसे.

पद्मिनीला मागे पाटे होते, पुढे स्प्रिंगा. ३०९ ला पुढे आजच्यासारखेच मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५० साली ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली आणि आज जवळपास प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढच्या चाकामागे तीच असते. ३०९ च्या मागच्या बाजूला मात्र स्प्रिंग दिसतच नसे. तिथे आडवे टॉर्शन बार होते, म्हणजे पिळले जाणारे पोलादी दांडे, टोकांना दाते असलेले. दांडा बाहेर काढून काही दाते पुढे सरकवून पुन्हा बसवला की गाडीची मागची बाजू खाली येई. दांडा तोच, जाडी तीच, लांबी तीच, त्यामुळे कडकपणाही तोच राही. उंची ही एक गोष्ट आणि ताकद ही दुसरी, हे गुरुजींनी मिस्त्रींना त्या दांड्यावर दाखवलं. पुढचं सगळं काम त्या एका धड्यावर उभं आहे.

गोल स्प्रिंगेत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. वेढे कमी तेवढी स्प्रिंग कडक. पाच वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. म्हणून "एक वेढा कापा, गाडी आपोआप बसेल" हा सल्ला स्वस्त वाटतो आणि अर्धामुर्धा खराही वाटतो. त्यातले धोके नंतर उघडे पडतात. कापलेल्या टोकाला मूळची बैठक राहत नाही, ते आपल्या खोबणीत नीट बसत नाही. गॅस कटरने कापलं तर त्या ज्वाळेने पोलादाचं पाणी उतरतं आणि ज्या तारेवर लाखो हेलकाव्यांचा भरवसा ठेवायचा तीच त्या जागी कमकुवत होते. सगळ्यात वाईट म्हणजे चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या जागेत सैल पडते. ताशी साठच्या वेगात सैल पडलेली स्प्रिंग परत येताना कुठे बसेल, हे कोणी सांगू शकत नाही.

अशी गाडी दुरुस्तीला आली की मिस्त्री चिडतात. ते मोठ्याने बोलत नाहीत, पण कापलेली स्प्रिंग गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि तिचं टोक बघायला सांगतात. त्यांना राग पोराचा नसतो. ज्याने कटर हातात घेतला त्याला हे माहीत असायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते योग्यच आहे.

एक हिशोब मात्र विकत घेतलेल्या चांगल्या स्प्रिंगेलाही चुकत नाही. चाकाला वर उचललं जायला ठरावीक वाव असतो. तो संपला की रबरी बंपस्टॉप. उदाहरणापुरता हा वाव ८० मिलिमीटर धरू. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली म्हणजे वाव निम्मा झाला. खड्ड्याचा तोच दणका निम्म्या अंतरात पचवायचा असेल तर स्प्रिंग दुप्पट कडक असून भागत नाही, चौपट कडक लागते, कारण साठवली जाणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाने घटते. चौपट कडक स्प्रिंगेवर आजीला कोपर स्टेशनपर्यंतसुद्धा नेता येणार नाही. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा त्यामुळे मधला मार्ग काढतात. वेढे एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब ठेवतात, म्हणजे दाब वाढेल तशी स्प्रिंग कडक होत जाते. जर्मनीतली आयबाख ही कंपनी १९५१ पासून स्प्रिंगांच्याच धंद्यात आहे आणि छोट्या गाड्यांसाठीच्या तिच्या नेहमीच्या स्प्रिंगाही साधारण ३० मिलिमीटरच्या आसपास थांबतात. याला कारण आहे.

खाली बसलेली गाडी वळणावर चिकटून जाते, असं पोरं सांगतात. त्यात तथ्य आहे. जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर असलेला गुरुत्वमध्य ३० मिलिमीटरने खाली आला तर वळताना बाहेरच्या चाकांकडे सरकणारं वजन सुमारे साडेपाच टक्क्यांनी कमी होतं. पण मॅकफर्सन रचनेत दुसरी बाजूही आहे. गाडी खाली येते तसा लोअर आर्मचा कोन बदलतो. चाकाकडे किंचित उतरणारा आर्म सपाट होतो, मग चाकाकडे चढू लागतो. त्याबरोबर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गाडीपेक्षाही जास्त वेगाने खाली जातो. गुरुत्वमध्य आणि तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं आणि स्प्रिंग मऊच राहिली असेल तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. गाडी खूप खाली नेऊन वळणाचा फायदा गमावलेले लोक मिस्त्रींनी पाहिले आहेत. वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये जे मिळतं ते पन्नासमध्ये मिळत नाही.

मग होकार दिलेलं काम ते कसं करतात, ते बघण्यासारखं आहे.

आधी मोजणी. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर आणायची आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने घेऊन काचेवर मार्करने लिहायची. मग पोराला मित्रांसह आत बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. हा दुसरा आकडा बघूनच काहींचा विचार बदलतो. ज्यांचा बदलत नाही त्यांच्या गाडीचे स्ट्रट उतरतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळल्याशिवाय वरच्या मधल्या नटला हात लावायचा नाही, हा गॅरेजमधला सक्त नियम, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा मोडते. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक खोबणीत टेकलंय का, हे बोट फिरवून बघायचं. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई असते, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे, तिथे काम सोपं.

खरी कसोटी शेवटच्या बोल्टांना लागते. लोअर आर्मच्या बुशमधलं रबर धातूला चिकटवलेलं असतं आणि आर्म हलला की ते पिळलं जातं. चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर बुश त्या स्थितीत पकडला जातो आणि गाडी जमिनीवर आली की कायमचा पिळलेला राहतो. वर्षभरात तो फाटतो, मग पुढून टकटक सुरू होते आणि दोष स्प्रिंगेला दिला जातो. मिस्त्री बोल्ट हलकेच लावतात, गाडी चाकांवर उतरवतात, पुढून-मागून दाबून तिला आपल्या नव्या उंचीवर बसू देतात आणि मगच खाली शिरून टॉर्क रेंच लावतात. खड्ड्यात झोपून केलेलं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. कारागिराची पारख इथेच होते.

त्यानंतर अलाइनमेंट. उंची बदलली की चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, आणि टो, म्हणजे आत-बाहेरचा कोन, दोन्ही हलतात. तसंच सोडलं तर नवे टायर आतल्या कडेने झिजतात. हेडलाइटचा झोतही तपासावा लागतो, कारण पुढची आणि मागची बाजू सारखीच खाली आली असेल असं नाही. नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये किंचित बसतात, म्हणून गाडी पुन्हा बोलावून टेप, मार्कर आणि अलाइनमेंट हे सगळं परत एकदा.

कायद्याचं बोलणं मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कायद्याच्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न वेगळाच. गाडी नवी असेल तर हा सगळा भार पहिल्या दिवसापासून मालकावर. मूळ स्प्रिंगा, बंपस्टॉप आणि शॉकअप पोत्यात बांधून मालकाच्या घरी पाठवल्याशिवाय ते गाडी सोडत नाहीत.

जाता जाता एक. त्यांच्याकडे उलट मागणी घेऊन येणारेही पुष्कळ आहेत. स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबरी गोळे अडकवून गाडी उचलून द्या म्हणणारे. त्यांना नकारच मिळतो. रबर अडकवलं की तेवढे वेढे कामातून जातात आणि उरलेल्यांवर ताण येतो.

नवी गाडी घेतलेल्या पोरांना मिस्त्री एकच सांगतात आणि तेच इथे सांगायचं आहे. एक पावसाळा गाडी आहे तशी चालवा. घरच्यांना घेऊन, सामान भरून, आपल्या रोजच्या रस्त्यावरून. कुठे टेकते, कुठे नाही, ते लिहून ठेवा. तरीही खाली घ्यावीशी वाटली तर त्या गाडीसाठीच बनवलेल्या स्प्रिंगा घ्या, आधी कल्याणच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा आणि २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. आणि ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंगेसाठी कटर बाहेर निघेल, तिथून गाडी लगेच बाहेर काढा.