घरी शिकणाऱ्या मुलीसाठी बीजगणिताचे पुस्तक

शाळेत गणिताच्या पुस्तकाचे निम्मे काम शिक्षक करतात. पुस्तकात गाळलेली पायरी फळ्यावर येते, अवघड उदाहरणाआधी सोपे उदाहरण ते पदरचे घालतात आणि वहीत चुकलेली ओळ त्यांच्या लाल शाईला सापडते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे सारे पुस्तकाने तरी करावे लागते, नाहीतर आईवडिलांनी. म्हणून शाळेत नावाजलेले पुस्तक घरी उपयोगी पडेलच असे नाही, आणि शाळेत कुणी हात न लावलेले पुस्तक घरी हवेहवेसे होऊ शकते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी हा प्रश्न मुलगी तेरा वर्षांची झाल्यावर आला. कुटुंब पुण्यातले. मुलीने सातवीनंतर शाळा सोडलेली, अपूर्णांक आणि शेकडेवारी पक्की, इंग्रजी वाचन बऱ्यापैकी. आई वाणिज्य शाखेची. वडील अभियंते, पण घरी येईपर्यंत रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली. ही माहिती इथे देण्याचे कारण असे, की पुस्तकाची निवड मुलाइतकीच घरात शिकवायला कोण मोकळे आहे यावर ठरते. गणिताचा प्राध्यापक घरात असेल तर जवळजवळ कोणतेही पुस्तक चालते.

पहिला प्रश्न परीक्षेचा. महाराष्ट्रात शाळेबाहेरच्या मुलापुढे साधारण दोन वाटा असतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, माध्यमिक परीक्षा देता येते. एनआयओएसला त्यासाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. तिच्या माध्यमिक गणितात बीजगणित, व्यापारी गणित, भूमिती, महत्त्वमापन, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी असे सहा विभाग आहेत. बीजगणिताची हद्द वर्गसमीकरण आणि अंकगणिती श्रेढीपर्यंत. राज्य मंडळाची दहावीही साधारण तिथेच थांबते. परीक्षा कोणतीही ठरली तरी गाठायचा टप्पा सारखाच असल्याने पुस्तक परीक्षेवरून ठरवण्याची घाई नसते. लेखिकेच्या घरी एनआयओएस ठरले, पण त्या संस्थेचे पुस्तक अखेरच्या उजळणीसाठी बाजूला ठेवले गेले.

घराघरांत सहज पोचलेले पुस्तक म्हणजे बालभारतीचे, राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे. एक अडचण मात्र पालकांच्या उशिरा लक्षात येते. अमेरिकेत बीजगणित हा वर्षभराचा स्वतंत्र विषय असतो आणि त्याचे एकच जाडजूड पुस्तक असते. आपल्याकडे ते अनेक इयत्तांत वाटलेले आहे. साधी समीकरणे सहावीत, बैजिक राशी आणि वर्गविस्तार सातवीत, अवयव व बहुपदींचा भागाकार आठवीत, बहुपदी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत, वर्गसमीकरणे दहावीत. मधल्या पानांवर भूमिती येते, आणि नववी-दहावीच्या 'गणित भाग १' मध्ये तर अर्थनियोजनही येते. बीजगणिताचा म्हणून ओळखला जाणारा हा भाग दहावीत जीएसटी आणि शेअर शिकवतो. ते शिकणे वाईट नाही, पण बीजगणिताचा धागा त्यात तुटतो. घरी मात्र आठवी, नववी आणि दहावीच्या पुस्तकांतली फक्त बीजगणिताची प्रकरणे सलग लावून घेता येतात. वेळापत्रकाने बांधलेल्या शाळेला ही मुभा नसते.

बालभारतीची भाषा स्वच्छ आहे, सोडवलेली उदाहरणे पुरेशी आहेत आणि सरावसंच आटोपशीर आहेत. कमतरता उत्तरांची आहे. मागे उत्तरसूची असते, पण तीत फक्त अंतिम उत्तर असते. शाळेत तेवढे पुरते. घरी ते का पुरत नाही, हे एका ओळीत दाखवता येते.

मुलीला २क्ष + ३ = ११ हे समीकरण सोडवायला दिले. वहीत ओळ आली ती अशी: ११ − ३ = ८ ÷ २ = ४. उत्तर बरोबर. उत्तरसूचीत ४ आहे, बरोबरची खूण पडली, पुढचे गणित. पण ही ओळ वाचली तर ती अकरातून तीन गेले की चार उरतात असे म्हणते. अंकगणितात मुले बरोबरचे चिन्ह 'आता उत्तर आले' या अर्थाने वापरतात. बीजगणितात ते दोन्ही बाजू समान असल्याचा दावा करते. ही चूक सोप्या समीकरणांत पकडली जात नाही, कारण उत्तर येत राहते. ५क्ष − ७ = २क्ष + ८ यासारख्या समीकरणात, जिथे क्ष दोन्हीकडे असतो, ही लिहिण्याची रीत कोसळते, आणि मग मूल म्हणते की बीजगणित अवघड आहे. अंतिम उत्तरांची सूची असली चूक पकडत नाही. ओळीखाली ओळ लिहिलेली संपूर्ण उकल समोर ठेवली की मूल स्वतःच दोन्ही वह्या ताडून पाहते. म्हणून घरासाठीच्या पुस्तकाची पहिली कसोटी हीच ठेवावी: निदान एकाआड एक उदाहरणाची पूर्ण उकल मिळते का?

दुसरी कसोटी समीकरणाच्या प्रकरणात तपासावी. 'पलीकडे गेले की चिन्ह बदलते' हे वाक्य मराठी घरांत पाढ्यांइतके मुरलेले आहे. ते चुकीचे नाही, पण ते कारण नव्हे. कारण असे, की दोन्ही बाजूंतून सारखीच संख्या वजा केली. नुसते वाक्य पाठ असलेली मुले ३क्ष = १२ मधला तीनही पलीकडे नेताना ऋण करून टाकतात. जे पुस्तक निदान पहिली काही पाने दोन्ही बाजूंवर सारखी क्रिया लिहून दाखवते आणि मगच आडवाट सांगते, ते घरी ठेवण्याजोगे. गाइडे याच ठिकाणी नापास होतात. त्यांत आडवाटच हमरस्ता असते.

तिसरी कसोटी वर्गसमीकरणाची. सूत्र पाठ करून उत्तर काढणे कुणालाही जमते, पण ते सूत्र येते कुठून? ते येते पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीतून. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या पुस्तकात ही रीत पूर्वी होती. अभ्यासक्रम कमी करताना ती वगळली गेली आणि सूत्र मात्र राहिले. ओझे कमी करताना नेमके कारण काढून टाकायचे आणि निष्कर्ष ठेवायचा, ही कपात लेखिकेला पटलेली नाही. बालभारतीच्या दहावीत ही रीत अजून आहे, आणि दोन पुस्तकांत एकच घ्यायचे झाले तर एवढ्या एका कारणावरून बालभारती घ्यावे.

ही रीत कागद-कात्रीने शिकवण्याची युक्ती अकराशे वर्षांहून जुनी आहे. बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी याने नवव्या शतकात क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण आकृतीने सोडवले. क्ष बाजूचा एक चौरस कापायचा. १०क्ष क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्या करायच्या, प्रत्येक ५ रुंद आणि क्ष लांब. त्या चौरसाच्या शेजारच्या दोन बाजूंना लावायच्या. मोठा चौरस जवळजवळ तयार होतो, फक्त कोपऱ्यात ५ बाय ५ ची खाच राहते. आतापर्यंतचे क्षेत्रफळ ३९, खाच भरायला २५, एकूण ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले, क्ष = ३. जेवणाच्या टेबलावर पतंगाच्या कागदाने हे केल्यावर 'दोन्ही बाजूंत पंचवीस का मिळवायचे?' हा प्रश्न मुलीला उरला नाही. दुसरे उत्तर, −१३, कागदाला सापडत नाही, कारण ऋण लांबीची पट्टी कापता येत नाही. चिन्हांच्या बीजगणिताला ते सापडते. पुढे शिकायचे कशासाठी, याचे एवढे चांगले कारण दुसरे क्वचितच मिळेल.

परदेशी पुस्तकांची नावे घरशिक्षण करणाऱ्या पालकांच्या बोलण्यात सतत येतात. जॉन सॅक्सन या निवृत्त हवाई दल अधिकाऱ्याने लिहिलेल्या पुस्तकांची पद्धत अशी, की प्रत्येक पाठात नवे थोडे आणि मागचे बरेच. तीसेक उदाहरणांच्या संचात बहुतेक जुन्या पाठांतली असतात. विसराळू मुलाला ती मानवते, चटकन समजणाऱ्याला कंटाळा आणते. हॅरल्ड जेकब्ज यांचे १९७९ चे 'एलिमेंटरी अल्जिब्रा' व्यंगचित्रांनी आणि गमतीदार प्रसंगांनी भरलेले आहे; वाचायला सुरेख, पण मैल आणि फूट ओलांडताना भारतीय मूल अडखळते. रिचर्ड रस्चिक यांचे 'इंट्रोडक्शन टू अल्जिब्रा' सहाशेहून अधिक पानांचे. त्यात आधी प्रश्न देतात, मुलाला झगडू देतात आणि मग उकल सांगतात. उकलींचे पुस्तक वेगळे मिळते. ऑलिंपियाडची आवड असलेल्या मुलासाठी याच्या तोडीचे पुस्तक नाही. ज्याला अजून गणिताची गोडी लागायची आहे, त्याच्या हाती ते पहिल्यांदा देऊ नये.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारले तर दुकानदार हॉल आणि नाइट यांचे नाव घेतात. त्यांचे शालेय बीजगणित १८८५ चे आणि 'हायर अल्जिब्रा' १८८७ चे. दुसऱ्याच्या भारतीय आवृत्त्या आजही खपतात. आजोबांच्या पिढीचा या पुस्तकावर जीव असतो आणि ते घ्या असा आग्रहही होतो. उदाहरणांचा साठा म्हणून ते बिनतोड आहे, पण 'हायर' हा शब्द त्यात खरा आहे. तेरा वर्षांच्या मुलीला ते देणे म्हणजे तिला विषयापासून दूर पाठवणे.

राहिले एक पुस्तक, आणि निवड अखेर त्याच्यापाशी थांबली. इस्राएल गेलफांड आणि अलेक्झांडर शेन यांचे 'अल्जिब्रा' इंग्रजीत १९९३ मध्ये आले. गेलफांड विसाव्या शतकातले पहिल्या रांगेतले गणिती. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले नव्हते, तरी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना मॉस्को विद्यापीठात थेट संशोधनासाठी प्रवेश मिळाला. १९६४ मध्ये त्यांनी पत्राद्वारे चालणारी गणिताची शाळा सुरू केली. मॉस्कोपासून दूरच्या गावांतली, जवळ चांगला शिक्षक नसलेली मुले टपालाने गणिते सोडवून पाठवत. हे पुस्तक त्या परंपरेतले आहे. शिक्षक शेजारी नाही हे गृहीत धरून लिहिलेले असल्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलाशी त्याचे सूत लवकर जुळते.

पुस्तक लहान आहे, प्रकरणे दोन-तीन पानांची. बेरजेच्या वर्गाचे सूत्र धाकट्या भावंडाला कसे समजवावे, यावर त्यात एक छोटे प्रकरण आहे. एक दयाळू जादूगार मुले एकत्र आली की प्रत्येकाला तिथे जितकी मुले असतील तितक्या गोळ्या देतो. एके दिवशी काही मुलगे गेले, दुसऱ्या दिवशी काही मुली गेल्या, तिसऱ्या दिवशी सगळे मिळून गेले. तिसऱ्या दिवशी आधीच्या दोन दिवसांच्या एकत्रित गोळ्यांपेक्षा किती जास्त मिळाल्या? अ मुलगे आणि ब मुली असतील, तर प्रत्येक मुलग्याला ब गोळ्या जास्त आणि प्रत्येक मुलीला अ गोळ्या जास्त, म्हणजे एकूण २अब. सातवीपासून पाठ असलेल्या सूत्रातले मधले पद कुणाच्या वाट्याचे आहे, ते इथे कळते. मुलीने हे गणित शेजारच्या पाचवीतल्या मुलाला तीन मुलगे आणि दोन मुली घेऊन सांगितले, आणि त्याने बारा हे उत्तर बोटांवर काढले.

या पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. सरावाची गणिते थोडी, सगळ्यांच्या उकली नाहीत, रेषीय समीकरणांवर फारसा भर नाही आणि शाब्दिक उदाहरणे, म्हणजे वयाची, नावेची, दोन अंकी संख्येची, जवळजवळ नाहीतच. परीक्षेला हीच विचारतात. त्यामुळे ते एकट्याने पुरत नाही. लेखिकेच्या घरी बालभारतीची प्रकरणे हा कणा धरला गेला आणि प्रत्येक प्रकरणाआधी गेलफांडमधला त्या विषयाचा तुकडा वाचायचा असे ठरले. पूर्ण उकलींची उणीव वडिलांनी रविवारी भरून काढली. निवडक उदाहरणे ते ओळीओळीने सोडवून ठेवत आणि मुलगी आठवडाभर स्वतःची वही त्याच्याशी ताडून पाही.

भाषेचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा निघाला. बालभारतीची पुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत आहेत आणि प्रकरणांचा क्रम सारखाच असतो. दोन्ही शेजारी उघडली की 'अवयव पाडणे' आणि 'फॅक्टराइज' एकाच वेळी कानावर पडतात. सेमी-इंग्रजी वर्गांत वाढलेल्या मुलांना याचे नवल वाटत नाही.

निवड करताना मुलाला विचारायला हवे, पण 'कोणते आवडले?' असे विचारून काही निष्पन्न होत नाही. चकचकीत मुखपृष्ठ जिंकते. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकातले अवयवांचे प्रकरण द्यावे, शेजारी बसू नये, आणि थोड्या वेळाने क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव तोंडी सांगायला लावावेत. गुणाकार सहा आणि बेरीज पाच अशाच दोन संख्या का शोधायच्या, हे ज्या पुस्तकाने मुलाच्या तोंडून वदवले, ते घ्यावे. या चाचणीला खर्च जवळजवळ नाही. बालभारती, एनसीईआरटी आणि एनआयओएस या तिन्ही संस्थांची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट उतरवून घेता येतात. लेखिकेच्या घरी पैसे मोजावे लागले ते फक्त गेलफांडच्या पुस्तकासाठी.