वारीची चाल

आळंदीहून पंढरपूरला मोटारीने एका दिवसात जाऊन परत येता येते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला तेवढ्याच वाटेला सुमारे अडीच आठवडे लागतात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, मग पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करत आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरी. इतके दिवस लागतात ते केवळ पायी चालल्यामुळे नव्हे. झपझप चालणारा माणूस याहून लवकर पोचेल. पण वारीत लवकर पोचायचेच नसते.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून हा सोहळा सुरू केला. पुढे स्वतंत्र झालेल्या माउलींच्या सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आजची शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांच्या ठरलेल्या क्रमात, तंबूंच्या तळात ती लष्करी नजर अजून दिसते.

दिंडीची चाल ठरते ती टाळ-मृदंगावर. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग आणि वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, उन्हे चढली की गौळणी, पुढे हरिपाठ. घड्याळ न पाहताही दिवस किती सरला ते कळते. ओळीतल्या म्हातारीचा पाय दुखू लागला तर शेजारची तिची पिशवी घेते. दोघींची गावे वेगळी, ओळख सकाळचीच, तरी हाक एकच: माउली. इथे धाकट्याच्याही पाया पडतात. शेजाऱ्याचा चेहरा नीट दिसावा, त्याचे दुखणे कळावे, एवढी सवड या चालीतच आहे, आणि वारीचे खरे देणे तेच.

हे सर्वांत स्पष्ट दिसते संध्याकाळच्या समाजआरतीत. दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चांदीचा दंड वर करतात आणि क्षणात सगळे शांत होते. एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल, तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. कुणाची वस्तू हरवलेली असते, कुणाला पाणी मिळालेले नसते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, तोड काढतात, मगच आरती. दिवसभर चालून पाय भरून आलेले असतात, भाकरी चुलीवर व्हायची असते, तरीही अख्खा समाज एका दिंडीसाठी थांबतो.

अलीकडे पुणे ते सासवड एवढाच टप्पा चालणारे पुष्कळ असतात. दिवे घाट चढून ते संध्याकाळी घरी परततात. तेवढ्यानेही काही हाती लागतेच, पण समाजआरती त्यांना क्वचित भेटते; त्यासाठी तळावर मुक्काम करावा लागतो.

वाखरीला इतर संतांच्या पालख्या भेटतात आणि सगळे मिळून पंढरीकडे निघतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. त्यानंतर बहुतेक वारकरी एसटीने, ट्रकने आपापल्या शेताकडे वळतात, कारण पेरणीमागची कामे खोळंबलेली असतात. पालखी मात्र थोड्या माणसांसह पायीच आळंदीला परतते, तीही मोठाले टप्पे घेत, कमी दिवसांत.