सांगणारा कोण, विचारायचं कोणाला?

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं'मध्ये कोण बोलणार, हे केंद्रातली माणसं ठरवायची. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि कोणाची परवानगी लागेना. आज शेतकरी बांधावरून, आपल्या बोलीत व्हिडिओ टाकतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण परवा वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, व्हिडिओत सांगितलं म्हणून बाबांनी दुप्पट औषध फवारलं. पीक करपलं." आता जाब विचारायचा कोणाला? वर्तमानपत्रात निदान संपादकाचं नाव छापलेलं असतं.

म्हणून मी मुलांना तीन प्रश्न शिकवते: हा कोण? याला कसं कळलं? यातून याला काय मिळतं?

पालकांनो, मोबाईल हिसकावण्याआधी हेच विचारून बघा. आणि हो, टीव्हीवरच्या बातमीलासुद्धा!