सोपे म्हणण्यापूर्वी

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठी काही लिहून द्यावे, अशी विनंती विद्यार्थी-संपादकांनी केली, तेव्हा ‘गणिताचा अभ्यास कसा करावा’ या माझ्या नेहमीच्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे मी मनाशी योजिले होते. परंतु लेखणी हाती घेताच ध्यानी आले की, या विषयावर गेली वीस वर्षे मी जे सांगत आलो, त्यात एक मोठे वैगुण्य होते. ते मला वर्गात उमगले नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जलतरण-तलावात छातीइतक्या पाण्यात थरथरत उभा असता उमगले. तो प्रसंग विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गतवर्षीच्या मे महिन्याच्या सुटीत एके संध्याकाळी भोजनोत्तर आम्ही घरची मंडळी अंगणात बसलो होतो. नववीत जाणारी माझी कन्या अकस्मात म्हणाली, “पप्पा, दिवाळीच्या सुटीत आपण सगळ्यांनी मिळून ट्रायथलॉन करायचं का?” या शब्दाचा अर्थ मी ऐकून होतो. प्रथम पोहणे, लगेच सायकल चालविणे व लगेच धावणे, अशी ती तीन टप्प्यांची शर्यत. मध्ये विश्रांती नाही; कपडे व पादत्राणे बदलण्यास जो वेळ लागेल तोही एकूण वेळात धरावयाचा. पोहणे बहुधा प्रथम ठेवितात, कारण थकलेल्या माणसाने पाण्यात उतरणे सर्वांत धोक्याचे. थकून सायकलवरून खाली उतरता येते, पाण्यातून तसे उतरता येत नाही.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे मिशन बे या ठिकाणी २५ सप्टेंबर १९७४ रोजी या नावाची पहिली शर्यत झाली. त्या शर्यतीत उतरलेले नौदलातील एक अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांची पत्नी ज्युडी यांनी पुढे हवाई बेटांवर एक अतिकठीण शर्यत योजिली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व त्यावर ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक धावणे! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले व बारा जणांनी ती पुरी केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांत पोहोचला. खुद्द कॉलिन्स यांस सुमारे सतरा तास लागले. ज्याने शर्यत निर्माण केली तो पहिल्याच्या मागून पाच तासांनी आला, ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली. सन २००० मध्ये सिडनी येथे या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. तेथे अंतरे १.५, ४० व १० किलोमीटर अशी असतात. नवशिक्यांसाठी ती याहूनही पुष्कळ कमी करितात. कन्येने आमच्यासाठी योजिलेली अंतरे अशी होती : ४०० मीटर पोहणे, १० किलोमीटर सायकल व अडीच किलोमीटर धावणे.

आपल्या नाशिकास अशा कष्टांचे वावडे नाही. हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत हिने २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावून रौप्यपदक मिळविले. अशा नगरीत राहून मी मात्र शाळेचा जिना चढताना प्रत्येक वळणावर, जणू काही फलकावरील सूचना वाचण्यासाठी थांबलो आहे असे भासवून, दम खात असे.

तथापि माझी खरी अडचण दम ही नव्हती. पाणी ही होती. मी नऊ वर्षांचा असता, श्रावणातील पूर ओसरल्यावर गोदावरीच्या घाटावर गेलो होतो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कितपत वर चढले होते, याची चर्चा करीत मोठी माणसे उभी होती. शेवाळलेल्या पायरीवरून माझा पाय सरकला. कोणा सज्जनाने केस धरून मला वर ओढले. सारे काही क्षणांतच घडले, परंतु त्या दिवसापासून पाण्याशी माझे वैर जडले. माझ्या मुलीने पोहणे शिकावे यासही माझा विरोध होता. तिच्या आईने माझे न ऐकता तिला शिकविले, याबद्दल आज मी पत्नीचा ऋणी आहे.

मी नकारच देणार होतो. पण तिने विचारले, “पप्पा, तुम्ही वर्गात सांगता ना, येत नाही म्हणून सोडायचं नाही?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टरांकडून प्रकृती तपासून घेतली व दुसऱ्याच आठवड्यात गंगापूर रस्त्याजवळच्या एका पंचवीस मीटर लांबीच्या तलावावर दाखल झालो.

तेथील शिक्षक तरुण व मनमिळाऊ होते. त्यांनी पाण्यावर अंग झोकून दिले, दहा-बारा हात मारून परत आले आणि हसून म्हणाले, “सर, एकदम सोपं आहे. अंग सैल सोडा, पाणी आपोआप उचलतं.” मी अंग सैल सोडले, पाण्याने मला उचलले नाही. पाय खाली गेले, नाकात पाणी शिरले, आणि मी धडपडत उभा राहिलो. “घाबरता कशाला? सोपं आहे,” ते पुन्हा म्हणाले. काठावर बसलेली सात-आठ वर्षांची मुले हसली. त्यांचा काही दोष नव्हता, त्या शिक्षकांचाही नव्हता. परंतु त्या क्षणी मला जी लाज वाटली, ती मी कधी विसरणार नाही. जे सोपे आहे तेच जर मला येत नसेल, तर मी मुळातच नालायक ठरलो! कठीण गोष्ट आली नाही तर माणूस पुन्हा यत्न करितो. सोपी गोष्ट आली नाही तर तो तोंड लपवितो.

आणि तेथेच, छातीइतक्या पाण्यात, मला माझ्या वर्गातील एक मुलगा आठवला. आठवीच्या वर्गात अवयव पाडण्याचे एक उदाहरण सोडविण्यास मी त्यास फळ्यापाशी बोलाविले होते. तो अडखळला. मी खडू त्याच्या हातून घेतला, दोन ओळींत उदाहरण सोडविले आणि म्हणालो, “अरे, किती सोपे आहे हे!” वर्ग हसला. तो जागेवर जाऊन बसला, आणि त्यानंतर वर्षभर त्याने एकदाही हात वर केला नाही. ‘मुलगा अभ्यासात लक्ष घालीत नाही’ असा शेरा मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिला होता. तो शेरा वास्तविक माझ्यावर लिहावयास हवा होता.

मला पोहावयास माझ्या कन्येने शिकविले. तिने ‘सोपे’ हा शब्द एकदाही उच्चारिला नाही. तिने त्या कामाचे तुकडे पाडिले. पहिले तीन दिवस केवळ काठ धरून तोंड पाण्यात घालावयाचे व बुडबुडे सोडावयाचे. पाण्यात नवख्या माणसाचा जीव गुदमरतो तो पुष्कळदा हवा कमी पडल्यामुळे नव्हे, तर भीतीने श्वास कोंडून धरल्यामुळे. आतील कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर न गेल्याने शरीर हवेसाठी आकांत करू लागते. श्वास पाण्यात सोडला की मान वळविताच नवा श्वास आपण होऊन येतो. नंतर पायांचा धडा. फुफ्फुसांत हवा असल्याने छाती तरंगते, पण शरीराचा भार कंबरेकडे अधिक, म्हणून पाय बुडतात. यास्तव डोके खाली दाबून अंग आडव्या रेषेत आणावयाचे. हे पदार्थविज्ञान मला पुस्तकात ठाऊक होते. अंगास ठाऊक होण्यास सहा आठवडे लागले.

पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस तलाव, दोन दिवस सायकल आणि एक दिवस गोल्फ क्लब मैदानावर चालणे व धावणे, असा क्रम आम्ही ठेविला. आरंभी मी दोन मिनिटे धावे व दोन मिनिटे चाले. रविवार उपासनेचा व विश्रांतीचा. हळूहळू मंडळी वाढली. विज्ञानाचे शिक्षक, शेजारचे निवृत्त काका, पत्नीची धाकटी बहीण, अशी मिळून आम्ही सहा जण झालो. धाकट्या चिरंजीवांनी वेळ मोजण्याचे काम आपणाकडे घेतले व त्यासाठी वही आखून ठेविली.

दिवाळीच्या सुटीतील एका शनिवारी पहाटे आम्ही तलावावर जमलो. हवेत गारवा होता. काकांनी लहानशी प्रार्थना केली. प्रेषित पौलाने ख्रिस्ती जीवनास धावेची उपमा दिली आहे, व त्यावर मी अनेक उपासनांत बोललो आहे. परंतु स्वतः शर्यतीत उभे राहण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. जीवरक्षक काठावर उभे होते. चिरंजीवांनी शिट्टी वाजविली.

सोळा फेऱ्या पुऱ्या करावयाच्या होत्या. दहा ठीक झाल्या. अकराव्या फेरीत चष्म्यात पाणी शिरले, डोळ्यांपुढे सारे धूसर झाले, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचा तो घाट पुन्हा उभा राहिला. मी श्वास कोंडला, हातपाय झाडले, कसाबसा काठ धरिला. विश्रांतीसाठी काठ धरण्यास नियमाची मनाई नाही. फक्त काठ ओढीत पुढे सरकावयाचे नाही. कन्या आपले पोहणे संपवून बाहेर पडत होती. तिने मला पाहिले व वेळेची पर्वा न करिता ती माझ्यापाशी येऊन बसली. ‘घाबरू नका’ असेही ती म्हणाली नाही. म्हणाली, “पप्पा, आधी श्वास सोडा. बाकीचं नंतर बघू.” मी श्वास सोडला. चष्मा पुसला. उरलेल्या फेऱ्या एकेक करून पुऱ्या केल्या. तलावाबाहेर आलो तेव्हा घड्याळात १८ मिनिटे झाली होती व बाकी सर्व मंडळी केव्हाच सायकलींवर स्वार झाली होती.

सोमेश्वराच्या दिशेने पाच किलोमीटर जावयाचे व तितकेच परत यावयाचे होते. डोक्यावर हेल्मेट, रस्त्याची डावी कडा, आणि पहाटेची तुरळक वाहने. परतणारी पत्नी समोरून दिसली. तिने हात हलविला. एक दूधवाले गृहस्थ मला ओलांडून गेले व मागे वळून म्हणाले, “चला गुरुजी, दमानं चला.” ही दोन्ही अभिवादने मला सारखीच प्रिय वाटली.

सायकलवरून उतरून धावू लागताच पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटले. पाऊण तास चक्राकार गतीस सरावलेल्या स्नायूंना एकदम निराळे काम सांगितले की असे होते. काही मिनिटांत ते जुळवून घेतात. हे आधी ठाऊक असल्याने मी भ्यालो नाही. अखेरचे अर्धे किलोमीटर चालत व धावत गेलो. एकूण वेळ एक तास एकोणतीस मिनिटे. सहा जणांत माझा क्रमांक सहावा. चिरंजीवांनी तो वहीत लिहिला व खाली लाल शाईने, माझ्याच पद्धतीने, शेरा मारला : ‘प्रयत्न समाधानकारक.’

माझ्या विद्यार्थिजीवनात व शिक्षकाच्या जीवनात मी कधी शेवटचा आलो नव्हतो. शेवटून येणाऱ्यास सर्वांत अधिक वेळ श्रम करावे लागतात, ही साधी गोष्ट मला त्या दिवशी कळली. त्याची धाव दुसऱ्यांपेक्षा लांब नसते, परंतु ती दीर्घकाळ चालते, आणि ती बहुधा कोणी पाहत नाही.

सुटीनंतर शाळा उघडली. ही वार्ता मुलांत पसरली होतीच. मधल्या सुटीत तो मुलगा, जो आता नववीत आहे, वर्गाच्या दारापाशी घुटमळत होता. मी हाक मारिली.

“सर, तुम्ही शेवटचे आलात, असं मुलं म्हणतात. खरं आहे?”

“खरे आहे. मध्ये घाबरून काठही धरिला होता.”

तो थोडा वेळ उभा राहिला. मग मी त्यास म्हणालो, “गतवर्षी फळ्यापाशी मी तुला जे बोललो, ते चुकले माझे. ते उदाहरण सोपे नव्हते. मला ते येत होते, एवढेच.” त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला व म्हणाला, “सर, हे मला पहिल्या ओळीपासून येत नाही.” आम्ही पहिल्या ओळीपासून आरंभ केला. अद्याप तो परीक्षेत वर आलेला नाही, आणि येईलच असे मी सांगत नाही. पण तो हात वर करितो.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस जे येत नाही ते येत नाही असे मोकळेपणी म्हणा. त्यात लाज नाही. आणि पालकहो, आपल्या पाल्यास ‘एवढेही येत नाही?’ असे विचारण्यापूर्वी आपण स्वतः एखादी कधी न केलेली गोष्ट, शक्य तर त्याच्याच हाताखाली, शिकून पाहा. येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा त्याच तलावावर जमणार आहोत. पाण्याची भीती माझी अजून सर्वस्वी गेलेली नाही. पण आधी श्वास सोडावयाचा, हे आता मला ठाऊक आहे.