मागची बैठक

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, असें आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळीं मोटारी असत्या, तर मोटार कशी पहावी हेंहि त्यांनीं सांगून ठेविलें असतें. तें राहून गेल्यामुळें आम्हांला तें कळावयास पस्तीस वर्षें लागलीं. आणि कळलें तेंहि आमच्या बुद्धीच्या जोरावर नव्हे. त्याचीच ही हकीकत.

आमची पहिली मोटार म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती जन्मली. कुळानें ती इटलीची फियाट ११००. म्हणून नांव बदललें तरी घरोघर तिला फियाटच म्हणत. तिच्या गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला जोडलेला होता. त्या दांड्यावर हात बसण्यास आम्हांला सहा महिने लागले, आणि हात बसतांच आपण उत्तम चालक आहों अशी आमची खात्री झाली. ही खात्री कोणीं खोडून काढली नाहीं. घरचीं माणसें मागें बसत व गप्प असत. गप्प बसणें म्हणजे पसंती, असा त्याचा अर्थ आम्ही लावीत आलों. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हां ती बातमी आम्हीं कापून ठेविली. जणूं आमच्याच एखाद्या पराक्रमाची ती नोंद होती.

पराक्रम एक होताहि. १९८८ च्या मे महिन्यांत वाईहून पांचगणीस जातांना पसरणीच्या घाटांत एका एस. टी. ला आम्हीं वळणावरच मागें टाकलें होतें. समोरून ट्रक येत होता. एस. टी. आणि ट्रक यांच्यामधून आमची पद्मिनी सुईंतून दोरा जावा तशी निघाली. ही गोष्ट आम्हीं पाहुण्यांना किमान शंभर वेळां सांगितली असेल. सौभाग्यवती चहाचे पेले पुढें करीत ती ऐके, आणि कपबशा उचलून आंत जाई.

यंदा नवी मोटार घेण्याचें ठरलें. हितचिंतकांनीं एकमुखानें उंच गाडीची शिफारस केली. गेल्या कांहीं वर्षांत या उंच गाड्यांचें पीक असें आलें आहे कीं, मधल्या आकाराची सेडान विचारणारा मनुष्य जुन्या काळांतून आला असावा, असें विक्रेत्याला वाटतें. आम्ही मात्र हट्टाला पेटलों. होंडाची सिटी १९९८ सालीं हिंदुस्थानांत आली, ह्युंदाईची व्हर्ना २००६ सालीं. स्कोडाची स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनची व्हर्टस या दोघी २०२२ सालीं आमच्या पुण्याजवळच्या चाकणांतून बाहेर पडल्या. या चौघींची लांबी साडेचार मीटरांच्या थोडी वर, पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २६०० ते २६७० मिलिमीटर, आणि डिकी पांचशें लिटरांहून मोठी. सरकारनें २००६ सालीं चार मीटरांपर्यंतच्या लहान गाड्यांना अबकारी करांत सवलत दिल्यापासून कित्येक सेडानांच्या शेपट्या छाटल्या गेल्या. या चौघींनीं आपलें शेंपूट राखलें आहे. आमच्या भाच्यानें यांतलीच एक घेतली होती. ती त्यानें दोन दिवसांसाठीं आमच्या स्वाधीन केली. कोणती तें आम्ही सांगत नाहीं. नाहीं तर आम्हीं दलाली पत्करली अशी वाचकांस शंका यावयाची.

परीक्षेसाठीं वाट निवडली तीहि पांचगणीचीच. गाडींत माणसें पांच : आम्ही, सौभाग्यवती, कन्या, जांवई आणि सात वर्षांची नात. आम्हीं एक वही बरोबर घेतली होती. कात्रजचा बोगदा ओलांडून शिरवळला चहाला थांबलों, तोंच तिचें पहिलें पान भरलें. आमच्या पद्मिनीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें होतें. हिचें ९९९, तरी शक्ति दुपटीहून अधिक. टर्बो नांवाचा पंखा इंजिनाला जास्त हवा पाजतो, त्याची ही करामत. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरांत ती कुरकुर न करितां चढली. बैठक जमिनीजवळ असल्यामुळें गाडीचा गुरुत्वमध्य खालीं राहतो आणि वळणावर ती उंच गाडीसारखी एका अंगावर कलत नाहीं. सुरूर फाट्यावरून वळून वाईस आलों, कृष्णेचा पूल ओलांडला, आणि पसरणीच्या घाटांत तर आम्हांला पंचवीस वर्षांचा तरुण झाल्यासारखें वाटलें. वहींत आम्हीं लिहिलें : 'वळणावर अप्रतिम.'

याच अप्रतिम वळणांवर नातीला दोनदां ओकारी झाली. सकाळचे पोहे तेलकट होते, असें आम्हीं निदान केलें. सौभाग्यवतीनें तिचें तोंड पुसलें आणि ती कांहीं बोलली नाहीं.

परततांना कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही दमलांत. आतां मी चालवतें." जांवईबापू सहा फूट उंच असल्यामुळें पुढची डावी जागा त्यांची. नातीला खिडकी हवी होती. तिची उंच करणारी गादी तेथें पट्ट्यानें बसविलेली होती. दुसऱ्या खिडकीशीं सौभाग्यवती. उरली ती मधली जागा. अशा रीतीनें आयुष्यांत प्रथमच आम्ही घरच्या मोटारींत मागें, आणि तेंहि मधोमध, बसलों. पायांखालीं जमिनीला एक उंचवटा होता. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखें बसावें लागलें. गाडीला पांच माणसांची म्हणतात. पण पांचव्या माणसाला ती कशी वाटते, याची नोंद आमच्या वहींत नव्हती.

घाट उतरूं लागला. कन्या गाडी हांकते ती संथ, वळणाच्या आधींच वेग कमी करून. तरी पहिलें वळण आलें तेव्हां डावीकडे दरी एकाएकीं उघडली आणि आमच्या हातांत धरावयास कांहींच नव्हतें. दुसऱ्या वळणावर समोरून बस आली. तिसऱ्या वळणावर सौभाग्यवती आमच्या उजव्या पायाकडे पहात असल्याचें आमच्या ध्यानांत आलें. तो पाय जमिनीवर ताठ दाबलेला होता.

"सांपडला का ब्रेक?" ती म्हणाली. "मला तो कधींच सांपडला नाहीं. दाबीत मात्र आलें आहें."

आम्हीं हंसण्याचा प्रयत्न केला. ती बाहेर पहात होती. थोड्या वेळानें, ज्या वळणाची कथा आम्हीं शंभरदां सांगितली तें वळण आलें, आणि तिनें कन्येच्या पाठीकडे बोट दाखविलें. "तेव्हां ही माझ्या मांडीवर होती. ट्रक दिसला तसं मी हिचं तोंड पदराखालीं घेतलं. म्हटलं, हिला तरी दिसूं नये."

एवढेंच. तिच्या स्वरांत तक्रार नव्हती. वाण्याचा हिशेब सांगावा तसें तिनें तें सांगितलें. पण आम्ही मात्र वाई येईपर्यंत बोललों नाहीं. त्या कथेंत ट्रक होता, एस. टी. होती, गाडी होती आणि आम्ही होतों. मागें कोणी बसलें होतें, हें आमच्या कथेंत इतक्या वर्षांत एकदांहि आलें नव्हतें.

नात मात्र आजीच्या बाजूला कलून शांत झोंपली होती. पोहे नव्हते हें खरें. पण पांचगणीस तिनें पोटभर जेवण केलें होतें. गाडी तीच, घाट तोच, नातहि तीच. बदललें होतें तें फक्त स्टिअरिंगवरचें माणूस. यांत जादू कांहीं नाहीं. चालकाला वळण आधींच ठाऊक असतें. त्याच्या हातांनींच तें येत असल्यामुळें त्याचें शरीर तयार असतें, म्हणून गाडी हांकणाऱ्याला सहसा मळमळत नाहीं. मागच्या मुलाच्या डोळ्यांपुढें नुसती पुढच्या आसनाची पाठ असते. डोळे सांगतात, आपण स्थिर आहों; कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे तें सांगतें, आपण फेकले जात आहों. या भांडणाचा निकाल पोटांत लागतो. तेव्हां मोटारीचें सुख मोजण्यास चालकाइतका अपात्र परीक्षक दुसरा नाहीं. तो स्वतःच्या हातचें जेवून स्वतःच वाहवा म्हणणारा आचारी होय.

वाईला गणपतीच्या घाटावर थांबलों. तेथें आम्हीं वही सौभाग्यवतीपुढें केली व म्हटलें, "तूं सांग, आम्ही लिहितों." ती आधीं संकोचली, मग सांगूं लागली. बैठक खोल आहे, उठतांना गुडघ्यावर भार येतो. पण दाराच्या वर धरावयास मूठ आहे. मागें थंड वाऱ्याच्या जाळ्या आहेत, हें बरें. डोकें टेंकावयास उशी आहे. जुन्या गाडींत मान अवघडे. खिडकीची कड उंच, म्हणून नातीला गादीशिवाय बाहेरचें दिसावयाचें नाहीं. डिकीचा कांठहि उंच, जड पिशवी पोटाशीं धरून उचलावी लागते. रस्त्याच्या उंचवट्यावर मागच्या माणसाला बसणारा हिसका मात्र थोडा. दोन चाकांत अंतर पुष्कळ असल्याचा हा गुण असावा, असें आम्हीं पुढें जोडलें. तिनें शेवटीं विचारलें, "आणि हा पट्टा मागेंहि लावायचाच ना?"

लावावयाचाच. नियमानें तो मागच्या बैठकीसहि सक्तीचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हां ते मागें बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. पुढें बसलेलीं दोघें जखमी झालीं, पण वांचलीं. ही बातमी आम्हींहि वाचली होती. परंतु आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या बैठकीचे पट्टे गादीच्या फटींत गेले होते, आणि ते कधींपासून तेथें आहेत हें आम्हांला ठाऊक नव्हतें. परतींच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा लागला. अंधारांत आम्हीं हात लावून तिघांचेहि पट्टे चांचपून पाहिले.

भाच्यानें विचारलें, "मामा, कशी वाटली गाडी?" आम्हीं म्हटलें, "मामीला विचार." तो गोंधळला, कारण या विषयावर मामीचें मत असतें, हें त्यालाहि नवीनच होतें. गाडी अखेर तीच घेतली. गुडघ्यांसाठीं एक पातळ, घट्ट गादी आम्हीं स्वतः शिवून घेतली.

परवां सासवडला निघालों होतों. दिवेघाटांत पुढें उसाचा एक ट्रक गोगलगाईसारखा चढत होता. पुढें वळण होतें. हात शिवशिवले, हें लपवीत नाहीं. पण आरशांत पाहिलें, तर सौभाग्यवतीची नजर रस्त्यावर खिळलेली दिसली आणि डावा हात वरच्या मुठीकडे गेलेला. आम्ही मागेंच राहिलों. घाटमाथ्यापर्यंत त्या ट्रकचा धूर खात गेलों. वर पोंचल्यावर रस्ता मोकळा झाला, तेव्हां तिनें मुठीवरचा हात खालीं मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आज गाडी बरी चालली."

गाडींत त्या दिवशीं कसलाहि बदल केलेला नव्हता.